‘पायउतार’चा दुसरा भाग

"मग नरू परत येतो, तिथं भैरवी धरू का?" पेटीचा भाता बोटांनी अडवत शिवलिंगअण्णा कोरे यांनी विचारलं, आणि ऋजुताच्या हातातल्या चिपळ्या वाजता वाजता राहिल्या.

कुरुंदवाडच्या दत्तमंदिराच्या सभामंडपात दोघंच होते. उत्सवाला तीन आठवडे राहिले होते. कीर्तनाला उभं राहायच्या आधी अण्णांना घेऊन सबंध आख्यान एकदा म्हणून बघायचं, ही ऋजुता औरवाडकरची वीस वर्षांची रीत. तिचे वडील अवधूतबुवा गेले आणि नारदाची गादी तिच्याकडे आली. गादीबरोबर अण्णाही आले. विशीत त्यांनी बुवांच्या मागं पेटी धरली होती, आता पंच्याहत्तरीला टेकले होते.

"कोण परत येतो?" ऋजुतानं विचारलं.

"नरू की गं. आपला नरू. बुवांचं आख्यान संपतंय, वहिनी, तुझी आई, हाक मारत्यात, आन् नरू भिजलेला दारातनं आत येतोय. तिथं भैरवीच शोभंल."

"अण्णा, ते सिनेमात. परवा बघितलात त्या नव्या भागात."

"सिनेमात बी आन् खरं बी. सिनेमा खऱ्यावरनंच काढलाय न्हवं?"

"चेष्टा पुरे झाली."

"चेष्टा कशाची करू पोरी? माझं वय हाय का चेष्टेचं?"

ऋजुता त्यांच्यासमोर बसली. अण्णांचे डोळे स्वच्छ होते. भ्रम झालेल्या माणसाच्या नजरेत एक धूसरपणा असतो, तो कुठंच नव्हता. ती सावकाश म्हणाली, "नरूला नदीतून वर काढलं, तेव्हा त्याचे पाय तुम्ही धरले होते. बाबांना कानात तुम्हीच सांगितलंत."

अण्णांनी आपले तळवे उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले. "मी?" ते म्हणाले. "न्हाई गं. असं काही असतं तर मला ठाऊक नसतं व्हय?"

बत्तीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट. श्रावणात नदीला पूर आला होता. घाटावरच्या लहान देवळात पाणी शिरायला लागलं होतं आणि कीर्तनाची मोठी समई तिथं राहिली होती. बुवांनी एकोणीस वर्षांच्या मुलाला, नृसिंहाला, ती आणायला पाठवलं. घरात त्याला सगळे नरू म्हणत. कीर्तन वेळेवर सुरू झालं. पूर्वरंग संपला. मध्यंतरात बुवांच्या कपाळाला बुक्का लावतात, हार घालतात, तेवढ्यात घाटाकडून माणसं अण्णांना बोलवायला आली. अण्णा गेले ते ओलेच परत आले. बुक्का लावण्याच्या निमित्तानं बुवांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "नरू गेला."

आरंभलेल्या कीर्तनाला सूतक लागत नाही, अशी या घराण्याची रीत. गादीवर उभ्या राहिलेल्या माणसाला आरती होईपर्यंत नातं नसतं. बुवा क्षणभर थांबले आणि उत्तररंगाला लागले. आख्यान कोणतं लागलं होतं? देव अतिथी होऊन येतो आणि राजाराणीकडं त्यांचं पोटचं बाळ मागतो, ते. त्यात शेवटी आई हाक मारते आणि दिलेलं बाळ दुडुदुडु धावत येतं. बुवांनी ते सगळं सांगितलं. आईची हाकही मारली. मग आरती झाली, बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या, गादीवरून एक पाय जमिनीवर टेकवला आणि तिथंच ते कोसळले.

दोन-तीन वर्षांनी एका तरुण दिग्दर्शकानं त्या संध्याकाळचा सिनेमा केला. नाव ठेवलं ‘पायउतार’. बुवांनी बुवांचंच काम केलं, अण्णांनी अण्णांचं. आई बायकांत जिथं बसली होती, तिथंच बसली. नरू फक्त पाठमोरा, घाटाच्या पायऱ्या उतरताना दिसायचा. बुवांचा पाय जमिनीला टेकला की पडदा काळा व्हायचा. दरवर्षी उत्सवात देवळाच्या भिंतीला पांढरं कापड लावून गाव तो सिनेमा बघायचं. कुणी तीस वेळा बघितलेला, कुणी पंचवीस. खरी संध्याकाळ आणि सिनेमातली संध्याकाळ कुठं सुटी होते, हे सांगणं कुणालाच जमलं नसतं. तशी वेळही कधी आली नव्हती.

*

दुसऱ्या भागाला होकार ऋजुतानंच दिला होता.

चित्रशाळेचा माणूस, रेयांश पोतनीस, गेल्या वर्षी घरी आला. तिशीचा, नम्र, चप्पल उंबऱ्याबाहेर काढणारा. जुन्या सिनेमांचे पुढचे भाग काढायचे हाच त्यांचा धंदा होता. गेलेले नट त्यात पुन्हा काम करत. यंत्राला जुना सिनेमा आणि न वापरलेलं चित्रण दिलं, की माणूस बोलताना श्वास कुठं घेतो, उभा राहताना भार कोणत्या पायावर देतो, हे ते शिकून घ्यायचं आणि नवी दृश्यं उभी करायचं. वारसांची सही तेवढी लागायची.

"ताई, लोकांचं मन त्या काळ्या पडद्यापाशी अडकून राहिलंय," रेयांश म्हणाला होता. "पुढं काय झालं, हे त्यांना हवंय."

दुसरी कुणी असती तर तिनं त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण ऋजुता कीर्तनकाराची मुलगी. एकच आख्यान शंभर तोंडांनी शंभर प्रकारे सांगितलेलं ऐकत ती वाढली होती. बाबा म्हणायचे, "आख्यान कुणाच्या मालकीचं नसतं गं. माझ्या गुरूंनी सांगितलं, मी सांगतो, उद्या तू सांगशील. ज्यानं त्यानं आपला रंग भरायचा." शिवाय त्या संध्याकाळच्या उत्तररंगातली सातच मिनिटं सिनेमात होती. दिग्दर्शकानं बुवांकडून सबंध उत्तररंग चित्रित करून घेतला होता आणि नंतर कापला होता. दुसरा भाग म्हणजे बाबांचं राहिलेलं कीर्तन लोकांपर्यंत जाणार, असं तिनं धरून चाललं. अर्धं राहिलेलं कीर्तन पुरं करणं हे तर शिष्याचं कामच.

तिनं कपाटातून जुन्या चित्रणाची डिस्क काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि त्याच्या हातात दिली. आईनं आपल्या जुन्या मोबाइलमधले नरूचे व्हिडिओ दिले. पतंग उडवताना, सायकल पुसताना, कॅमेऱ्याकडं बघून जीभ काढताना. दोघींनी सह्या केल्या.

सिनेमा लागला त्या रविवारी ऋजुताचं इचलकरंजीला कीर्तन होतं. आईला अण्णा घेऊन गेले, गावातली बरीच माणसंही गेली. जयसिंगपूरच्या थिएटरातून आई परतली ती हसतमुख. "छान केलाय गं," एवढंच म्हणाली. ऋजुताला बरं वाटलं होतं.

*

त्या दिवशी देवळातून ती घरी आली तर आईनं पानं वाढायला घेतली होती. तीन पानं.

"कुणी यायचंय?"

"नरू. उशीर करतो हल्ली." आईनं भाताची मूद पाडली आणि त्यावर वरण वाढलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण हात कसा स्थिर. "ओलं डोकं घेऊन हिंडतो. सर्दी होईल म्हटलं तर हसतो."

खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. गादीवर उभं राहून हजार माणसांना सत्य सांगायचं आणि घरी येऊन तोंड फिरवायचं, हे बाबांनी केलं नव्हतं, तिनंही केलं नव्हतं. ती आईजवळ बसली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "आई, नरू नाही. बत्तीस वर्षं झाली. तो पुरात गेला."

आईनं तिच्याकडं बघितलं. आधी राग, मग भीती, मग चेहऱ्याचं सगळं बळच गेलं. "कधी?" तिनं विचारलं. "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

ती दुपारभर रडली, काल मुलगा गेलेली आई रडते तशी. संध्याकाळी झोपली. सकाळी उठून तिनं चहाला आधण ठेवलं आणि मोजून तीन कप पाणी घातलं.

ऋजुतानं पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच, पहिल्या दिवसाचं रडणं. तिसऱ्या दिवशी आई दाराशी उभी राहून नरूला हाक मारत होती, तेव्हा ऋजुताला सांगवेना. ती तशीच चपला घालून जयसिंगपूरच्या बसला बसली.

*

सिनेमा नवा होता म्हणून रेयांश महिनाभर थिएटरातच मुक्कामाला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. खोटं मात्र तो बोलला नाही, हे मान्य करायला हवं.

"ताई, दुसरे भाग का पडायचे, माहितीये? वाईट असतात म्हणून? सगळेच नसतात. बघणाऱ्याच्या डोक्यात पहिला भाग ठाण मांडून बसलेला असतो. तो नव्याला आत येऊच देत नाही. ‘पहिल्यासारखं नाही’ म्हणतो आणि उठून जातो."

"मग?"

"आठवण म्हणजे शिलालेख नव्हे. मडकं समजा. आपण आठवण काढतो तेव्हा ते भाजलेलं मडकं पुन्हा ओली माती होतं. चार-सहा तास ओलं राहतं. मग मेंदूतल्या पेशी नवी प्रथिनं तयार करून ते पुन्हा पक्कं करतात. त्या तासांत जे कानावर, डोळ्यांवर पडेल, तेही आत पक्कं होऊ शकतं. हे पन्नास वर्षांपूर्वी उंदरांवर करून बघितलंय. आम्ही नवं एवढंच केलं, की ती वेळ पकडली." त्यानं एका खुर्चीच्या उशीवर हात ठेवला. "सुरुवातीला आम्ही जुनाच सिनेमा दाखवतो. या उशीत संवेदक आहेत. बसलेल्या माणसाची आठवण कोणत्या क्षणी पुरती जागी झाली, हे त्यांना कळतं. कळलं की आत जाताना आम्ही त्याला दिलेल्या चष्म्यात नवं दृश्य सुरू. दोन्ही एकजीव होतात. मग तुलना करायला पहिला भाग वेगळा उरतच नाही."

"म्हणजे पुसलात."

"पुसला नाही. जोडला."

"आणि माझा भाऊ जिवंत करायचं कुणी ठरवलं?"

रेयांशनं खाली बघितलं. "यंत्रानं. हजारो प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया त्याच्यापाशी आहेत. शिवाय बुवांचं आख्यानच तसं होतं ना, आई हाक मारते, बाळ येतं. यंत्राला वाटलं, गोष्ट तिकडंच चाललीये."

"त्यापुढं बाबा वीस मिनिटं बोललेत! डिस्कवर आहे सगळं!"

"तो भाग लोकांना जड जातो, असा अंदाज आला. म्हणून..." त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. "ताई, आम्हाला वाटलं, फक्त सिनेमाची आठवण बदलेल. तुमच्या गावात सिनेमा आणि प्रत्यक्ष एकमेकांत इतकं मुरलं असेल, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. दुसरीकडं कुठं असं झालेलं नाही."

"उपाय?"

"तोच. आठवण जागी करायची आणि ओली असतानाच मूळ दाखवायचं. पण मूळ सिनेमा आता सगळीकडं नव्या भागाला जोडलेल्या प्रतीतच मिळतो. करारात तसं होतं. डिस्कवरचं चित्रण यंत्रात गेल्यावर डिस्क पुसली जाते." मग त्यानंच विचारलं, "तुम्ही नवा भाग बघितलाय?"

"नाही."

"मग बघू नका," तो म्हणाला. "तुम्हाला ते कीर्तन पाठ असेल ना?"

*

शुक्रवारी उन्हं कलती असताना ऋजुता गादीवर उभी राहिली. उत्सवाच्या आधीच कीर्तन का, असं विचारणाऱ्यांना तिनं सांगितलं, नवस आहे. साठेक माणसं जमली. आई पुढंच, भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिनं पदरानं जागा झाडून ठेवली होती. कुणासाठी, ते सांगायला नको. मागं अण्णा पेटीवर. "मला काही आठवत न्हाई," ते आधीच म्हणाले होते, "पर तू म्हणशील तसं वाजवतो."

पूर्वरंग तिनं थोडक्यात आटोपला. मध्यंतराला नेहमीप्रमाणे बुक्का लावायला अण्णा उठले. त्यांचा अंगठा तिच्या कपाळाला टेकला, त्यांचं तोंड तिच्या कानाशी आलं, आणि ते तिथंच थबकले. शरीराला बुद्धीच्या आधी आठवतं. "पोरी," ते कसेबसे म्हणाले, "हितंच सांगितलं व्हतं का मी?"

"हो अण्णा. जा, पेटीवर बसा."

ती उत्तररंगाला लागली. राजा सांगितला, राणी सांगितली, दारातला अतिथी सांगितला. त्या संध्याकाळी चोवीस वर्षांची ती झांज घेऊन बाबांच्या मागं उभी होती. त्यांच्या मानेवरची शीर तिला दिसत होती. तो आवाज जिथं चढला तिथं तिचा चढला, जिथं थांबला तिथं थांबला. आईची हाक तिनं मारली. साठ माणसांच्या तोंडावर उजेड पडल्यासारखं झालं. पुढं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी टाळ्या वाजवत म्हणालीच, "आला, आला गं बाई! नरू आला!"

ऋजुता थांबली. इथून पुढची वाट तिला एकटीला ठाऊक होती.

"त्या माउलीनं हाक मारली आणि बाळ आलं," ती म्हणाली. बाबा म्हणाले होते, अगदी तेच. "ते आख्यानात. पण श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी हाक मारली आणि बाळ आलं नाही, तर त्या हाकेला खोटं म्हणू नका. हाक पोचलेली असते. येणारा दुसरा असतो, एवढंच. आज माझ्या घरी बाळ यायचं नाही. मी पाठवलं त्याला. पाण्यात मी पाठवलं. माझं बाळ घाटावर झाकून ठेवलंय, आणि देवा, तू इथं माझ्या शेजारी उभा आहेस. तू आलास. पण मला तो हवा होता."

पेटी बंद पडली. अण्णांनी भात्यावर डोकं टेकलं होतं आणि ते हुंदके देत होते. मंडपात कुजबुज उठली. "असं नाही हो ताई, असं नाही," पुढची म्हातारी म्हणाली. "तो येतो. आम्ही बघितलाय की."

"गप बसा!" हे आई म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. भिंतीला एक हात होता. ऋजुताकडं ती बघत नव्हती, घाटाच्या दिशेला बघत होती.

"त्याचे पाय गाळानं भरलेले होते," ती म्हणाली. "बोटांच्या बेचक्यांत गाळ होता. मी माझ्या पदरानं पुसले. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती."

आरती झाली. ऋजुता गादीवरून खाली उतरली आणि आईच्या पाया पडली.

*

आपण जिंकलो, असं तिला दोन दिवस वाटलं. आई खरं विसरली नाही. तिसरं पान वाढेना. दाराशी उभी राहीना. अण्णांचंही डोकं ठिकाणावर आलं. ते येऊन ओट्यावर बसले, "माझ्या हातानं पाय धरले त्याचे, आन् मी इसरलो," म्हणून कपाळावर मारून घेत राहिले आणि मग पुढं आठवडाभर देवळाकडं फिरकले नाहीत. पेटी त्यांनी घरी मागवून घेतली आणि माळ्यावर टाकली.

आई मात्र जेवेना. बत्तीस वर्षांपूर्वी तिच्या दुःखाला वाट होती. दहावा-तेरावा होता, भेटायला येणारी माणसं होती. नवरा जिवंत होता, त्याच्यावर धरायला राग होता. आता यातलं काहीच नव्हतं. गाव तर नरूला जिवंत समजत होतं. बाजारात बायका विचारत, "काय हो काकू, नरू काय म्हणतो? कुठं असतो हल्ली?" आई पिशवी घेऊन घरी परत यायची, भाजी न घेता.

नवव्या दिवशी ती ऋजुताला म्हणाली, "बस इथं."

ऋजुता बसली.

"मला पुन्हा तिकडं ने. जयसिंगपूरला."

"आई!"

"ऐकून घे. नंतर बोल."

"तो खोटा आहे गं. यंत्रानं केलेला आहे. त्याचं हसू तुझ्या मोबाइलमधनं काढलंय."

"मला काय ते कळत नाही? आत्ता कळतंय, म्हणून तर आत्ता विचारतेय. तिथून आल्यावर तुला विचारायला मी अशी नसेन." आईचा आवाज शांत होता. "समई आणायला ह्यांनी पाठवलं. मी ‘पूर आहे, नको’ म्हणाले होते. हे म्हणाले, दोन मिनिटांचं काम. त्यानंतर हे बारा वर्षं जगले, ऋजू. त्या बारा वर्षांत मी ह्यांना एकदाही बोलून दाखवलं नाही. हे मेले तरी नाही. तुला वाटतं ते आपोआप झालं? रोज सकाळी उठून मला ते नव्यानं करावं लागायचं. मी देवासमोर बसायचे, म्हणायचे, आजच्या दिवस मला गप्प ठेव."

ऋजुताला हे ठाऊक नव्हतं. आईबाबांमध्ये कधी भांडण नव्हतं, एवढंच तिला माहीत होतं.

"बाबांना तू माफ केलंस, तेही जाईल मग," ती म्हणाली.

"जाऊ दे. सिनेमात ह्यांनी त्याला पाठवलेलंच नाही. माफ करायला काही उरतच नाही." आई किंचित हसली. "एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं गं. ते दोन दिवस. तू येऊन सांगेपर्यंत."

"मी खरं सांगितलं."

"खरंच सांगितलंस. चुकलीस असं नाही म्हणत मी. बाबांची मुलगी आहेस, दुसरं काय सांगणार? पण खरं मी बत्तीस वर्षं सांभाळलं. आता हात थकले माझे. तू धर."

ऋजुतानं देवाकडं बघितलं. देव्हाऱ्यातला दत्त नेहमीसारखाच होता. त्याच्याकडून आजवर तिला बरीच उत्तरं मिळाली होती. त्या दुपारी मिळालं नाही. की मिळालं होतं आणि तिला ते नको होतं, हेही तिला ठरवता आलं नाही.

*

थिएटरबाहेर खुर्च्या मांडलेल्या होत्या. दुपारचा खेळ. गर्दी बरीच होती, आसपासच्या गावांतून माणसं आली होती. आईनं पोपटी काठाचं लुगडं नेसलं होतं. रेयांश दारात उभा होता. त्यानं दोघींना ओळखलं आणि तो बाजूला झाला.

ऋजुता दोन तिकिटं घेऊन आली होती. आईनं त्यातलं एक काढून घेतलं आणि दुसरं तिच्याच हातात परत दिलं.

"तू येऊ नको."

"एकटी कशी जाशील?"

"जाईन. तू बाहेर थांब. कुणाला तरी ठाऊक असू दे, तो कसा गेला ते." आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "आणि मी परत आल्यावर मला सांगत बसू नकोस. वचन दे."

ऋजुतानं आयुष्यात वचनं फार कमी दिली होती. दिली ती पाळली होती. तिनं मान हलवली.

"तोंडानं म्हण."

"नाही सांगणार."

आई आत गेली. दार लागलं.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून चिपळ्यांचा आवाज आला आणि मग बाबांचा आवाज. हुबेहूब बाबांचा. श्वास तिथंच, हेल तोच. पण शब्द बाबांनी कधी न उच्चारलेले. ऋजुता ताडकन उठली. आठवण ओली असते, रेयांश म्हणाला होता, आणि तिची तर आता अंगभर ओली होती. ती पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडला, रसवंतीगृहाच्या घुंगरांचा आवाज जिथं सगळं झाकून टाकत होता तिथं जाऊन उभी राहिली. कानात बोटं घालून उभ्या असलेल्या बाईकडं रसवाला बघत राहिला. "रस देऊ का ताई?" त्यानं विचारलं. तिला ऐकू गेलं नाही. गाळानं भरलेले पाय, ती मनात म्हणत होती. एका पायात चप्पल. बोटांच्या बेचक्यांत गाळ. पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि म्हणताना तिला भीती वाटत होती, की फार म्हटल्यानं तेही झिजेल. नरूचा दुसरा साक्षीदार आता कुणी राहणार नव्हता. अण्णा होते, पण अण्णांनी सकाळीच विचारलं होतं, "मला बी नेतीस का गं, जयसिंगपूरला?"

दोन तासांनी दारं उघडली. माणसं बाहेर पडू लागली, डोळे पुसत, हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. त्यांच्यात आई होती. ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. पदर खांद्यावरून घसरला होता. तिनं रस्त्यापलीकडं ऋजुताला बघितलं आणि लहान मुलीसारखा हात हलवला.

"अगं, इथं काय उभी आहेस? चल लवकर! किती वाजले बघ," ती धापा टाकत म्हणाली. "घरी नरू एकटा असेल. जेवला असेल का गं तो?"

ऋजुतानं तिचा पदर नीट केला. बस समोर लागलेली होती. कंडक्टर गावाचं नाव ओरडत होता. आई तिच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत होती, आणि बत्तीस वर्षांत तो चेहरा ऋजुतानं इतका मोकळा कधीच पाहिला नव्हता.

"नाही जेवला अजून," ऋजुता म्हणाली. "तुझी वाट बघतोय. चल."